मंडईभोवतीचे पुणे : वाडे, दर्गे आणि मशिदी

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईची अष्टकोनी इमारत मध्यबिंदू धरून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराचे वर्तुळ कल्पिले, तर त्या वर्तुळात पेशव्यांचे राजवाडे, सरदारांचे वाडे, देवळे, दर्गे आणि मशिदी यांची विलक्षण दाटी आढळते. उत्तरेस मुठेच्या काठावर थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन दर्गे आहेत, त्यांच्या अलीकडे शनिवारवाडा व लाल महाल आहेत, वाटेत बुधवारवाड्याची जागा लागते, वायव्येस विश्रामबागवाडा उभा आहे आणि पूर्वेकडे रविवार पेठेत जामा मशीद व बोहरी आळी आहे. माराकेश, फेझ, ट्यूनिस अशा उत्तर आफ्रिकेतील जुन्या शहरांचे वर्णन करणारे लेखक तटबंदीच्या आतील गावाला ‘मदीना’ म्हणतात आणि तेथील बाजार, मशीद व महाल या तिन्हींचा विचार एकत्रच करतात, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लागत नाही. पुण्याच्या बाबतीत मात्र वाड्यांचा इतिहास एका पुस्तकात, दर्गे-मशिदींचा दुसऱ्यात आणि बाजारपेठेचा तिसऱ्यात लिहिला गेला, त्यामुळे हे सारे एकाच वस्तीचे अवयव आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. ते एकत्र पाहिले म्हणजे एक प्रश्न आपोआप समोर येतो : एवढ्या वास्तूंपैकी काही उरल्या आणि काही नाहीशा झाल्या, त्या कशामुळे?

या वस्तीचा सर्वांत जुना भाग म्हणजे कसबा. मुठेच्या उजव्या काठावरील या लहानशा गावाभोवती मध्ययुगात एक गढी होती, आणि परंपरा ती बऱ्या अरब नावाच्या अंमलदाराच्या नावाशी जोडते. शेख सलाउद्दीन हे सूफी संत तेराव्या शतकाच्या अखेरीस येथे आले, असेही परंपरा सांगते. त्यांच्या नावाचा लोकांच्या बोलण्यातील संक्षेप म्हणजे ‘शेख सल्ला’. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात हे दोन्ही दर्गे पुण्येश्वर आणि नारायणेश्वर या देवळांच्या जागी उभे राहिल्याची समजूत नोंदली आहे, आणि पुण्याच्या प्राचीन वस्तीचा विचार करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला त्यामुळे नदीकाठच्या याच पट्ट्यापासून आरंभ करावा लागतो.

दर्गा आणि मशीद यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण सामान्य बोलण्यात हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. दर्गा म्हणजे संताच्या कबरीभोवती उभी राहिलेली वास्तू; तिच्या केंद्रस्थानी मजार असते, तिच्यावर चादर चढवली जाते, संतांच्या पुण्यतिथीला उरूस भरतो आणि संदलाची मिरवणूक निघते, आणि या सर्वांत इतर धर्मांचे भाविकही सहभागी होतात. मशीद ही सामुदायिक नमाजाची जागा होय, आणि तिच्यात कबर असण्याचे काही कारण नसते. मशिदीची सर्वांत महत्त्वाची भिंत म्हणजे मक्केच्या दिशेची, म्हणजे किब्ल्याची भिंत. त्या भिंतीतील कमानदार कोनाड्याला मिहराब म्हणतात आणि त्याच्या शेजारी शुक्रवारचे प्रवचन देण्यासाठी मिंबर, म्हणजे पायऱ्यांचे आसन असते. नमाजापूर्वी हातपाय व तोंड धुण्याच्या विधीला वुजू म्हणतात, आणि त्यासाठी अंगणात हौद बांधलेला असतो. पुण्यातून मक्का पश्चिमेकडे येत असल्याने येथील मशिदींचे तोंड पूर्वेच्या अंगणाकडे उघडते, तर मोरोक्को मक्केच्या पश्चिमेस असल्याने तेथे हाच आराखडा उलटा होतो.

मराठेशाहीत या धर्मस्थळांची स्थिती काय होती, याविषयी कागदपत्रे पुरेशी बोलकी आहेत. आदिलशाही व निजामशाही काळापासून चालत आलेली दर्गे आणि मशिदी यांची इनामे छत्रपतींच्या व पुढे पेशव्यांच्या राज्यातही ठिकठिकाणी चालू राहिली. दिवाबत्ती, उरूस आणि मुजावरांचा, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांचा, निर्वाह यांसाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिलेले असे. पेठांची जुनी नावेही या मिश्र वस्तीची साक्ष देतात. आजची सोमवार पेठ शहापूर होती, रविवार पेठ मलकापूर, शनिवार पेठ मुर्तजाबाद आणि शुक्रवार पेठ विसापूर. १७०३ साली औरंगजेबाची छावणी येथे असताना त्याच्या नातवाच्या मृत्यूनंतर बुधवार पेठेच्या वस्तीला मुहियाबाद हे नाव मिळाले. शुक्रवार पेठ १७३४ मध्ये जिवाजीपंत अण्णा खासगीवाले यांनी वसवली, आणि पुढे जेथे मंडई व तुळशीबाग झाली ती जमीन याच खासगीवाल्यांच्या बागांची होती.

राजवाड्यांचा इतिहास लाल महालापासून सुरू होतो, परंतु शहाजीराजांनी जिजाबाई व बाल शिवाजीराजांसाठी बांधलेला आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये शायिस्तेखानावरील छाप्याने अजरामर झालेला तो महाल कधीच नामशेष झाला. आज त्या नावाने दिसणारी इमारत १९८० च्या दशकात महानगरपालिकेने स्मारक म्हणून बांधलेली आहे. प्रत्यक्ष अवशेषांच्या आधाराने अभ्यास करता येतो तो शनिवारवाड्याचा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, शनिवारीच, वास्तुशांत झाली; मूळ बांधकामाचा खर्च १६,११० रुपये नोंदलेला आहे. तट, बुरूज, दरवाजे आणि आतील महालांची भर ही पुढील काळातील असून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत वाड्याला त्याचे भव्य रूप आले. तटाला नऊ बुरूज आणि पाच दरवाजे आहेत : उत्तरेचा दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा आणि जांभूळ किंवा नारायण दरवाजा. दिल्ली दरवाजाच्या दारांवर हत्तीने मस्तक टेकवू नये म्हणून लांब पोलादी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत, आणि मोठे दार बंद असतानाही एका माणसाला वाकून आत येता यावे यासाठी त्यात दिंडी, म्हणजे लहान दार, ठेवलेले आहे.

या दरवाजावरील नगारखान्यात सुबक लाकडी खांबांवर पाकळ्यांच्या महिरपी पेललेल्या दिसतात. वर निमुळत्या होत जाणाऱ्या आणि बुडाशी फुलासारख्या पसरणाऱ्या या खांबांना सुरूचे खांब म्हणतात, कारण त्यांचा घाट सुरूच्या झाडाचा असतो. सुरूचा खांब आणि पाकळीदार महिरप ही दोन्ही अंगे मोगल व राजपूत दरबारी वास्तूंतून दख्खनेत आली आणि मराठी सुतार-पाथरवटांनी ती इतकी आपलीशी केली, की वाड्याच्या दिवाणखान्यात, देवळाच्या सभामंडपात आणि मशिदीच्या दर्शनी भागात तीच महिरप सारख्याच सहजतेने वावरताना दिसते. पुण्याच्या जुन्या वास्तूंना धर्मानुसार वेगवेगळ्या शैलींत वाटून टाकण्याचा प्रयत्न फसतो तो याच ठिकाणी. बांधणारा कारागीर, त्याचा काळा दगड, त्याचा चुना आणि त्याचे सागवान एकच होते. बदलत होता तो वास्तूचा उपयोग. शनिवारवाड्याच्या आतील उद्यानात हजारी कारंजे होते, त्याचे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आजही पाहता येते. कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात आणलेले पाणी हा नानासाहेबांच्या काळातील मोठा उपक्रम होता. त्याच पाण्यावर शुक्रवार, बुधवार व सदाशिव या पेठांतील सार्वजनिक हौद भरत आणि पेशव्यांच्या वाड्यांतील कारंजीही उडत.

वाड्याच्या बांधणीची पद्धत समजल्याखेरीज त्याच्या नाशाचे कारण समजत नाही. जमिनीपासून कमरेइतके किंवा पुरुषभर उंचीचे जोते घडीव काळ्या दगडाचे असे. त्यावर सागवानी खांब, तुळया आणि कड्या यांचा सांगाडा उभारला जाई, आणि भिंती या सांगाड्याच्या मधल्या जागा भरून काढणाऱ्या पातळ विटांच्या, पुष्कळदा पांढऱ्या मातीत रचलेल्या असत. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत आणि वाड्याचा विस्तार खणांत मोजला जाई. देवडीतून आत आल्यावर चौक, चौकाभोवती ओसरी, पुढे सदर, आत माजघर आणि मुदपाकखाना अशी रचना असे, आणि मोठ्या वाड्यांत असे चौक एकामागून एक येत. उघड्या चौकाभोवती घर रचण्याची ही रीत माराकेशमधील घरांतही दिसते. मात्र तेथे भिंती ठेचून घट्ट केलेल्या मातीच्या आणि जाड असतात, देवदाराचे कोरीव लाकूड छतापुरते व दारांपुरते येते आणि चौकात रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी असते, तर पुण्यात वजन पेलण्याचे सारे काम लाकडाकडे असते. साहजिकच येथील वाड्याला आग लागली म्हणजे केवळ छत जळत नसे, तर आधारच जळे आणि भिंती कोसळत. दगडी जोते तेवढे उरे.

शनिवारवाड्यात १७९१, १८०८, १८१२ आणि १८१३ या सालांत आगी लागल्या. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि त्यानंतर त्या राजवाड्याचा उपयोग तुरुंग, दवाखाना व वेड्यांचे इस्पितळ अशा कामांसाठी झाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत, जी कित्येक दिवस धुमसत राहिली, आतील सारे महाल गेले. १९१९ नंतर पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसले तेव्हा जोती, कारंजी आणि नळ उजेडात आले. दुसऱ्या बाजीरावांनी आपल्या कारकिर्दीत आणखी वाडे बांधले, आणि नारायणरावांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी जेथे खून झाला त्या वास्तूत राहणे त्यांना नकोसे होते असे त्याचे कारण सांगितले जाते. १८०३ मधील शुक्रवारवाडा १८२० मध्येच जळाला. १८१३ मधील बुधवारवाड्यात पुढे सरकारी कचेऱ्या व शाळा भरू लागल्या. मे १८७९ मध्ये लावलेल्या आगीत तोही भस्म झाला.

त्याच आगींच्या सत्रात विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भागही जळाला, परंतु वाडा वाचला, आणि त्याची कथा या साऱ्या वास्तूंत सर्वांत बोधप्रद आहे. हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागी सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला. रस्त्याकडील सागवानी सज्जा, त्याखालचे सुरूचे खांब आणि केळफुलांचे नक्षीकाम हे पुण्यातील काष्ठशिल्पाचे अव्वल उदाहरण होय. पेशवाई संपताच हा वाडा ओस पडला असता. पण १८२१ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने, पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून, तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज आकारास आले. १८७९ च्या आगीनंतर लोकांच्या वर्गणीतून व नगरपालिकेच्या पैशातून दुरुस्ती झाली. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शहराचा कारभार याच वाड्यातून चालत असे. मालक गेल्यावरही वाड्याला सतत काही ना काही काम राहिले, कोणी ना कोणी छप्पर शाकारीत राहिले, आणि म्हणूनच तो टिकला.

पूर्वेकडील रविवार पेठेत चित्र निराळे आहे. बोहरी आळी, कापडाचे आणि भांड्यांचे व्यापारी, सराफ यांच्या या पेठेत १८३९ च्या सुमारास जामा मशीद उभी राहिली. जामा किंवा जुम्मा मशीद म्हणजे गावातील सर्व जमात शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाला जेथे एकत्र येते ती मशीद. पुण्याच्या जामा मशिदीबाबत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ती कोणा सुलतानाने वा सुभेदाराने बांधली नाही. पेशवाई बुडून दोन दशके झालेली, मोगल सत्ता नावापुरती उरलेली, अशा काळात पेठेतील मुसलमान व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी वर्गणी गोळा करून ती बांधली, आणि पुढेही ती वर्गणीतूनच वाढत गेली. विजापूरच्या किंवा औरंगाबादच्या मशिदींशी तिची तुलना करून तिला किरकोळ ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्या राजसत्तेच्या वास्तू आहेत आणि ही बाजारपेठेची आहे.

नेमका हाच फरक माराकेशमध्येही दिसतो. १५७८ मध्ये पोर्तुगीजांवर मिळवलेल्या विजयानंतर सुलतान अहमद अल-मन्सूर याने तेथे बदी महाल बांधावयास घेतला. इटलीचा संगमरवर, सोन्याचा मुलामा आणि खोलगट बागा यांनी तो सजवला. शंभर-सव्वाशे वर्षांत दुसऱ्या घराण्यातील मौले इस्माईल याने त्याची सामग्री उपटून आपल्या मेकनेस या राजधानीसाठी नेली, आणि आज तेथे उंच भिंती व विस्तीर्ण तलाव उरला आहे. त्याच शहरातील बाहिया महाल एकोणिसाव्या शतकातील वजिरांचा. वजीर बा अहमद १९०० मध्ये वारताच सुलतानाने तेथील चीजवस्तू उचलून नेल्या, पण १९१२ नंतर फ्रेंच अधिकाऱ्यांनी आपल्या निवासासाठी तो वापरला आणि वास्तू शाबूत राहिली. विश्रामबागवाड्याचीच ही जुळी हकीकत म्हणता येईल. याउलट ग्रंथविक्रेत्यांच्या बाजारावरून नाव पडलेली बाराव्या शतकातील कुतुबिया मशीद आपल्या चौकोनी मिनारासह आजही नमाजासाठी वापरात आहे. तेथे मशिदींच्या खर्चासाठी दुकाने, हमामखाने व जमिनी यांचे उत्पन्न कायमचे लावून देण्याची प्रथा आहे. तिला ‘हबूस’ म्हणतात, आणि भारतात तीच संस्था वक्फ या नावाने ओळखली जाते. देवस्थानाचे इनाम हे तिचे मराठी मुलखातील समांतर रूप. राजाच्या महालाला असा स्वतंत्र वसूल नसतो. तो राजाच्या खजिन्यावर जगतो.

मंडई ही या मालिकेतील शेवटची मोठी वास्तू, आणि ती ना महाल आहे ना धर्मस्थळ. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने सुमारे तीन लक्ष रुपये खर्चून शुक्रवार पेठेत बंदिस्त मंडई बांधण्याचे ठरवले, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून विरोध केला होता. १८८६ मध्ये मंडईचे उद्घाटन झाले आणि तिला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ते बदलून महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेल्या या इमारतीत मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून सर्व दिशांना फाकलेली दालने आहेत, टोकदार कमानी युरोपीय गॉथिक पद्धतीच्या आहेत, दगड मात्र येथलाच. गाळेकऱ्यांच्या तीन-चार पिढ्यांनी तिला सतत वापरात ठेवले आहे. सप्टेंबर २०२४ पासून तिच्याशेजारी भुयारी मेट्रोचे स्थानकही सुरू झाले.

सामान्य वाड्यांना मात्र असा आधार मिळाला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा पांढऱ्या मातीत रचलेल्या भिंती विरघळून शेकडो घरे बसली. जे वाचले त्यांना भाडेनियंत्रण कायद्याने हळूहळू खाल्ले : भाडे जुन्या दरावर गोठले, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटेना, आणि शेवटी वाडा पाडून तेथे गाळे व सदनिका बांधणे हाच सर्वांना सोयीचा मार्ग ठरला. मशिदी-दर्ग्यांचे उलटे झाले. वस्ती वाढली, नमाजाला येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि जमातीने आपल्या वास्तू काँक्रीटमध्ये वाढवल्या. जागा व परंपरा टिकली, पण जुने चुनेगच्चीचे काम पुष्कळ ठिकाणी झाकले गेले किंवा गेले. वापर वास्तूला जगवतो, हे खरे असले तरी जगवताना तो तिला बदलतोही, आणि या दोन्ही गोष्टींची नोंद ठेवणे हे अभ्यासकांचे काम आहे.

अशी नोंद ठेवण्याचे एक उत्तम उदाहरण मंडईपासून जवळच आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहात, शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालयात, कोथरूड येथील मस्तानी महालाचा दिवाणखाना सुटा करून आणून पुन्हा उभारलेला आहे. महाल मूळ जागी राहिला नाही, तरी त्याचे खांब, महिरपी व छत यांची मापे आणि रचना त्यामुळे अभ्यासाला उपलब्ध राहिली. कसबा, शुक्रवार, बुधवार आणि रविवार या पेठांत आज उभे असलेले वाडे पाडले जाण्यापूर्वी, आणि जुन्या मशिदी व दर्गे यांचा विस्तार होण्यापूर्वी, त्यांचे मोजमापासह नकाशे आणि छायाचित्रे काढून घेणे ही फार खर्चाची गोष्ट नाही. महानगरपालिका, वास्तुकलेची महाविद्यालये आणि त्या त्या वास्तूंचे मालक व विश्वस्त यांनी मिळून हे काम याच दशकात हाती घ्यावे.